ताटातले लोह, ताटातले जस्त

पिंपरीचा औद्योगिक इतिहास मोटारीच्या आधी औषधापासून सुरू होतो. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी इथल्या माळावर उभी राहिली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. एमआयडीसी, टेल्को, आकुर्डीची बजाज, भोसरीतले फाउंड्री आणि फोर्जिंगचे गाळे, पुढे तळवडे आणि चाकण ही सगळी वाढ त्यानंतरची. त्या पहिल्या कारखान्यामागे त्या काळाचा एक विश्वास होता, की रोग बाहेरून येतो आणि त्याच्यावरचा उताराही बाटलीत भरून बाहेरून देता येतो. जिवाणूंच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरला. विषाणूंनी मात्र पेनिसिलिनला कधीच जुमानले नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले तेही पुण्यात. डेंगी आणि चिकुनगुनिया दर पावसाळ्यात येतात, २०२४ मध्ये झिकाचे रुग्णही आढळले. यांतल्या बहुतेकांवर नेमके औषध नाही, किंवा आहे ते उशिरा हाती येते. लस असेल तर लस, एरवी ताप उतरवायचा, पाणी द्यायचे, श्वासावर नजर ठेवायची आणि बाकीचे काम रुग्णाच्या शरीरावर सोपवायचे. म्हणूनच ते शरीर कशावर पोसले आहे हा प्रश्न पोषणतज्ज्ञांपुरता ठेवून चालत नाही. या पुस्तकाचा विषय तो आहे, आणि त्याची जागा म्हणून पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा निवडण्यामागे कारण आहे.

पोट भरणे आणि शरीराचे भागणे या दोन गोष्टींत जे अंतर असते त्याला पोषणशास्त्रात छुपी भूक म्हणतात. उष्मांक पुरेसे असतात, वजनही कमी नसते, पण लोह, जस्त, सेलेनियम, तांबे, आयोडिन यांपैकी काही ना काही गरजेपेक्षा कमी पडते. ही खनिजे लागतात मिलिग्रॅममध्ये, काही तर त्याच्याही हजाराव्या भागात, पण त्यांच्यावाचून प्रतिकारशक्तीचे चाक फिरत नाही. या प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे. खनिजांची कमतरता असेल तर विषाणूसमोर शरीर दुबळे पडते, याला भक्कम पुरावा आहे. कमतरता नसताना वरून खनिजे दिल्याने शरीर अधिक बळकट होते, याला तसा पुरावा नाही. हे दोन दावे सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि त्या गोंधळावर औषधाच्या दुकानातले एक अख्खे कपाट चालते. ते वेगळे केले की उपाय कुठे शोधायचा हेही बदलते. तो औषधाच्या दुकानाऐवजी कँटीनच्या भांड्यात, मेसच्या कणकेत आणि रेशनच्या पोत्यात शोधावा लागतो.

जस्ताची कथा एका भारतीय डॉक्टरपासून सुरू होते. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. खाणे जवळपास फक्त बिनखमिराच्या रोटीचे, शिवाय माती खाण्याची सवय. असे रुग्ण त्या भागात आणखीही होते. पुढे इजिप्तमध्ये काम करून प्रसाद यांनी १९६३ पर्यंत दाखवून दिले की यामागे जस्ताची कमतरता आहे. गव्हाच्या कोंड्यातले फायटेट जस्ताला आतड्यात बांधून ठेवते आणि ते रक्तापर्यंत पोहोचू देत नाही. त्यापूर्वी माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हेच कुणी मानत नव्हते. खुंटलेल्या उंचीइतकीच महत्त्वाची पण कमी बोलली गेलेली गोष्ट अशी, की ही माणसे पंचविशी क्वचितच ओलांडत आणि मरत ती बहुधा जंतुसंसर्गाने. याचा उलगडा नंतरच्या दशकांत झाला. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत ज्या टी-पेशी तयार होतात, त्यांना घडवणारे थायम्युलिन हे संप्रेरक जस्ताशिवाय निष्क्रिय राहते. विषाणूने काबीज केलेली पेशी ओळखून मारायची ती याच टी-पेशींनी. म्हणजे जस्त कमी पडले की शरीराचे नेमके ते अंग लुळे पडते जे विषाणूविरुद्ध सर्वांत जास्त कामाचे आहे. दिल्लीत सुनील सजावल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ९३७ लहान मुलांवर केलेल्या चाचणीत जस्त दिलेल्या मुलांमध्ये जुलाब लांबण्याची शक्यता २३ टक्क्यांनी कमी आढळली. अशा कामांच्या आधारे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाब झालेल्या मुलाला क्षारसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त द्यावे अशी शिफारस केली. आज अंगणवाडीत मिळणाऱ्या जस्ताच्या गोळीच्या मागे हा सगळा प्रवास आहे.

सेलेनियमचा पुरावा याहून विलक्षण आहे आणि थोडा अस्वस्थ करणाराही. चीनच्या हेइलोंगजियांग प्रांतात केशान नावाचा तालुका आहे. तिथे १९३५ मध्ये मुले आणि तरुण स्त्रिया हृदयाचे स्नायू निकामी होऊन दगावू लागल्या, आणि रोगालाही तेच नाव पडले. पुढे लक्षात आले की हा रोग जिथे जिथे आहे तिथल्या मातीत, म्हणून धान्यातही, सेलेनियम अगदीच कमी आहे. सिचुआन प्रांतात १९७४ साली ४,५१० मुलांना आठवड्याला सेलेनियमची गोळी दिली तेव्हा त्यांच्यात १० जणांना रोग झाला. गोळी न दिलेल्या ३,९८५ मुलांमध्ये ५४ जणांना. तरी एक कोडे उरलेच. सेलेनियमची उणीव बारमाही होती, पण रोग ऋतूनुसार आणि काही वर्षी साथीसारखा यायचा. रुग्णांच्या शरीरात कॉक्सॅकी जातीचे विषाणू सापडत होते. अमेरिकेतल्या मेलिंडा बेक यांनी १९९५ मध्ये या विषाणूचा एक निरुपद्रवी वाण सेलेनियम कमी असलेल्या उंदरांना दिला. उंदरांची हृदये बिघडली, आणि त्यांच्या शरीरातून परत काढलेला विषाणू पहिला राहिला नव्हता. त्याच्या जनुकीय साखळीत सहा ठिकाणी बदल झाले होते आणि तो आता नीट पोसलेल्या उंदरांच्या हृदयालाही इजा करत होता. २००१ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या विषाणूबाबतही असेच घडलेले दिसले. हे प्रयोग उंदरांवरचे आणि दोन विशिष्ट विषाणूंचे आहेत. माणसांच्या वस्तीत नेमके असेच होते असे त्यांवरून म्हणता येत नाही. पण त्यांनी एक समजूत कायमची मोडली, की अपुरा आहार हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न असतो. एका खोलीत सहा-सात जण पाळीपाळीने झोपतात, पहाटेच्या कंपनी-बसमध्ये शेजारी शेजारी बसतात आणि एकाच नळावर भांडी घासतात. तिथे एकाच्या उणिवेत विषाणूला काय करायला मिळते याच्याशी बाकीच्यांचाही संबंध असू शकतो.

लोहाचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, कारण लोह दोन्ही बाजूंना हवे असते. लिम्फोसाइट पेशींना झपाट्याने विभागायला लोह लागते. २०१६ साली अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला ज्यांच्या पेशींना जन्मजात दोषामुळे लोह आत घेता येत नव्हते. त्यांची प्रतिकारशक्ती गंभीररीत्या कोलमडलेली होती. केनियातल्या बाळांमध्ये लसीकरणाच्या वेळी लोह दिल्यावर काही लसींना मिळणारा प्रतिसाद सुधारला. पण जंतूंनाही लोहच हवे असते, म्हणून संसर्ग झाला की शरीर हेप्सिडिन हे संप्रेरक सोडून लोह कोठारात कुलूपबंद करते. टांझानियातल्या पेंबा बेटावर मलेरियाच्या प्रदेशात मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल दिले, तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले आणि लोहाचा भाग थांबवावा लागला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचे पहिले लेखक तेच सुनील सजावल, दिल्लीतल्या जस्ताच्या चाचणीचे. एकाच संशोधकाने एका खनिजाचा फायदा आणि दुसऱ्याचा धोका दाखवून द्यावा, हे या विषयाच्या प्रकृतीशी अगदी सुसंगत आहे. खनिजांच्या बाबतीत अधिक म्हणजे उत्तम हे गणित चालत नाही.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये, १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि २१.९ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. तिन्ही आकडे आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी ३२ टक्क्यांमध्ये जस्त कमी होते. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १९ टक्के होते. किशोरवयीन मुलांचा आकडा लहान मुलांपेक्षा जास्त आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही. तो या पट्ट्यासाठी बोलका आहे, कारण आयटीआय उरकून अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ट्रेनी म्हणून चाकणला येणारा मुलगा याच वयोगटातून येतो. म्हणजे यांतले बरेच जण उणीव घेऊनच गेटातून आत येतात.

आणि आल्यावर ते काय खातात? २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७.२७ लाख होती. आता ती त्याहून पुष्कळ पुढे गेली आहे, आणि चाकणभोवतीच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत गावकऱ्यांहून भाडेकरू जास्त अशी अवस्था आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुले, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेले कामगार. महिन्याच्या बोलीवरची खानावळ किंवा मेस, चार चपात्या, बटाट्याची नाहीतर पातळ मिश्र भाजी, तुरीचे वरण, भात; सकाळी पोहे किंवा वडापाव, आणि मधल्या वेळेत चहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून साधा हिशेब करून पाहू. दोन्ही वेळच्या जेवणात मिळून ३०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम तांदूळ आणि ६० ग्रॅम तूरडाळ पोटात गेली, तर त्यातून लोह मिळते १६ मिलिग्रॅमच्या आसपास आणि जस्त साडेबारा. प्रौढ पुरुषाची शिफारस केलेली रोजची गरज अनुक्रमे १९ आणि १७ मिलिग्रॅम आहे. स्त्रीची २९ आणि १३.२. वडापावने हे अंतर भरत नाही, कारण मैद्यात जस्त १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही नसते. चपात्या लाटायला वेळ नाही म्हणून रूमवर कुकर लावून नुसता डाळ-भात खाणाऱ्यांचा हिशेब आणखी वाईट. पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे लोह पाऊण मिलिग्रॅमसुद्धा नाही.

हेच कामगार जिथून आले तिथे आजीच्या पिढीपर्यंत बाजरी किंवा ज्वारी होती. बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह असते. वरच्या हिशेबात कणकेऐवजी बाजरीचे पीठ धरले तर लोह २३ मिलिग्रॅमच्या घरात जाते. मात्र जस्ताचा आकडा जवळपास तिथेच राहतो, हेही सांगितले पाहिजे. भाकरीचे गुणगान करणारे लेख ही बाजू सांगत नाहीत. जस्तासाठी अंडे, मांस, दूध, तीळ, शेंगदाणे, हरभरा अशी जोड लागते, आणि मेसच्या ठरलेल्या दरात सर्वांत आधी काटछाट होते ती याच जिनसांवर. शिवाय धान्यातले खनिज शरीरात किती मुरते हा वेगळा प्रश्न. शिफारशीचे आकडे ठरवताना धान्यप्रधान आहारातून शोषण कमी होणार हे गृहीत धरलेलेच असते, पण जेवण झाल्याझाल्या घेतलेला चहा ते आणखी खाली आणतो; चहातल्या टॅनिनमुळे लोहाचे शोषण अर्ध्याहून कमी होऊ शकते. आणि कारखान्यातल्या विश्रांतीची वेळ अशी बेतलेली असते की नाष्टा आणि चहा एकाच पंधरा मिनिटांत उरकावा लागतो. उलट पोह्यांवर पिळलेले लिंबू लोहाला मदत करते. मटकीला मोड आणले, पीठ आंबवले, की फायटेट तुटते आणि जस्त मोकळे होते. मोड आणणे आणि आंबवणे ही आपल्याकडच्या स्वयंपाकघरांची जुनी कामे. पाचशे जणांचा स्वयंपाक कंत्राटावर दिला की पहिली ती गाळली जातात, कारण त्यांना आदल्या दिवशीची तयारी आणि जागा लागते.

भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या घामातूनही थोडे जस्त जाते. इथे एक विरोधाभास टाळता येत नाही. भोसरीच्या गाळ्यांत झिंक प्लेटिंग चालते, फाउंड्रीत लोखंड वितळते. दिवसभर ज्यांच्या हाताखालून ही दोन खनिजे किलोकिलोने जातात, त्यांच्या ताटात ती मिलिग्रॅमने कमी पडतात. कामावर नाकातोंडात जाणारे जस्त पोषणाच्या खात्यात जमा होत नाही. जस्ताच्या धुराने ताप येतो, थंडी वाजते, छाती भरते. उलट रक्तात लोह कमी असलेल्याचे आतडे शिसे अधिक शोषते, कारण दोन्ही धातू एकाच वाटेने आत येतात. बॅटरीच्या कामात असलेल्या माणसासाठी ही माहिती जिवाच्या मोलाची आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते वाजवी आहेत. पहिला असा, की विषाणूची साथ गर्दी, हवा न खेळणाऱ्या खोल्या, उशिरा मिळणारे उपचार आणि लसीकरण यांवर ठरते. आहार हे दुय्यम कारण. संसर्ग कुणाला होतो यापुरते हे खरे आहे. संसर्ग झाल्यावर कोण दोन दिवसांत कामावर येतो आणि कुणाचा आजार छातीत उतरतो, यात मात्र शरीराची शिल्लक मोजली जाते. लसीला मिळणारा प्रतिसादही त्याच शिलकीतून येतो. गर्दी कमी करा आणि खाणेही सुधारा, यांत निवड करावी लागत नाही. दुसरा आक्षेप २००९ चा दाखला देतो, की स्वाइन फ्लूत धडधाकट आणि स्थूल माणसेही दगावली. पण स्थूलता आणि छुपी भूक एकाच शरीरात सुखाने नांदतात. मैदा, तेल आणि साखर यांवर वाढलेल्या वजनाला खनिजांची हमी नसते.

तिसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे आणि त्याला उत्तर देताना दावा थोडा आवरता घ्यावा लागतो. कोरोनाच्या पहिल्या वर्षी चेन्नईतल्या ४७ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांचे जस्त कमी निघाले आणि त्यांच्यात गुंतागुंत जास्त होती. चीनमध्ये सेलेनियमयुक्त मातीच्या एन्शी शहरात बरे होण्याचे प्रमाण अधिक दिसले. असे अभ्यास वर्तमानपत्रांत झळकले. पण कोणताही तीव्र संसर्ग झाला की शरीर स्वतःच रक्तातले जस्त आणि लोह खाली आणते, त्यामुळे आजारी माणसाचा अहवाल पाहून आधी काय होते हे सांगता येत नाही. शहराशहरांच्या तुलनेत तर उत्पन्न, वय, रुग्णालये असे शंभर फरक मिसळलेले असतात. म्हणून या पुस्तकात असे निष्कर्ष पुरावा म्हणून वापरलेले नाहीत. वजन दिले आहे ते आधी उणीव मोजून मग ती भरून पाहिलेल्या चाचण्यांना. चौथा आक्षेप पुण्यातूनच येतो. रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता असे सरसकट धरता येत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तपासणी केली तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आक्षेप पूर्ण मान्य केला पाहिजे. फक्त त्याने मूळ मुद्दा कमकुवत होत नाही, कारण ब-१२ आणि सहज शोषले जाणारे जस्त व लोह ही मिळतात जवळपास त्याच पदार्थांतून, आणि ताटातून गायबही एकदमच होतात.

मग गोळ्या का नकोत? २०२० मध्ये या पट्ट्यात अनेक ठिकाणी ५० मिलिग्रॅम जस्ताच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या गेल्या. अमेरिकेत नेमकी तीच मात्रा, सोबत क जीवनसत्त्व, कोरोनाच्या २१४ रुग्णांना घरच्या घरी देऊन पाहिली. फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली गेली आणि २०२१ मध्ये तसे प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतल्या पेशींत जस्त कोरोनाकुळातल्या विषाणूची नक्कल रोखते, हे २०१० सालीच दिसले होते. बशीतल्या पेशीवरून रुग्णाच्या फुप्फुसापर्यंत ते पोहोचले नाही. दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्याने तांब्याचे शोषण घटते, आणि तांब्याच्या उणिवेनेही पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायला घेतलेली गोळी तीच खाली आणू शकते. दुसरीकडे खुद्द प्रसाद यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पंचावन्न वर्षांवरच्या माणसांना वर्षभर ४५ मिलिग्रॅम जस्त दिले तेव्हा त्यांचे संसर्ग घटले. त्या वयात जस्ताची पातळी मुळातच खालावलेली असते. जिथे खड्डा होता तिथे भर टाकल्याने फरक पडला, सपाट जमिनीवर नुसता ढीग झाला. ज्याच्यात उणीव सिद्ध झाली आहे त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी द्यायला या पुस्तकाचा मुळीच विरोध नाही; गर्भवतीला लोहाची गोळी दिलीच पाहिजे. विरोध आहे तो गोळीने ताटाची जागा घेण्याला.

ताट बदलण्याचे मार्ग महाराष्ट्राच्या हाताशी आहेत. जास्त लोहाचा ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून आला. राज्यातल्या १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलांना सहा महिने लोहयुक्त बाजरी आणि साधी बाजरी खायला देऊन तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात शरीरातला लोहाचा साठा लवकर सुधारला. गोळी नाही, सिरप नाही, भाकरीच. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी आली. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू दिला, ज्यात दर किलोला ४० मिलिग्रॅमहून अधिक जस्त आणि ४६ मिलिग्रॅम लोह आहे. चाकणपासून ही संस्था तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. तिचा गहू चाकणच्या कँटीनमध्ये पोहोचायला काय अडते, हा प्रश्न शेतीचा कमी आणि खरेदीच्या कंत्राटाचा जास्त आहे. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ घातले जाते. जस्त ऐच्छिक आहे. त्यातही गोम अशी, की ज्याचे रेशनकार्ड हिंगोलीला आहे आणि जो कुरुळीत भाड्याने राहतो, त्याच्यापर्यंत तो तांदूळ किती पोहोचतो. एक देश एक रेशनकार्ड योजनेने कार्ड कुठेही चालते, पण खानावळीत जेवणारा माणूस रेशनच्या रांगेत उभा राहतच नाही. ‘रक्तक्षयमुक्त भारत’ या २०१८ पासूनच्या मोहिमेत मुले, किशोरवयीन, गर्भवती, स्तनदा माता आणि प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया असे सहा गट आहेत. प्रौढ पुरुष त्यात नाही. पाचात एकाचे रक्त कमी असलेला हा माणूस ज्या एका ठिकाणी रोज ठरावीक वेळी हमखास सापडतो ते म्हणजे त्याच्या कंपनीचे जेवणघर.

आणि तिथे कायदा आधीच हजर आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन सक्तीचे केले. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने ती मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली. जुन्या कलमात राज्य सरकारला केवळ कँटीनची जागा आणि दर ठरवण्याचाच नव्हे, तर तिथे कोणते पदार्थ द्यायचे हे ठरवण्याचाही अधिकार दिलेला होता, आणि कँटीन चालवणाऱ्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूदही होती. या समित्यांत भांडणे होतात ती थाळीच्या दरावरून, जेवणाच्या चवीवरून, सणाला गोड काय यावरून. थाळीत जस्त किती, हा विषय त्यांच्या टिपणात येण्यासाठी आधी कुणीतरी तो आकडा त्यांच्यापुढे ठेवायला हवा. पुढच्या प्रकरणांत तो पदार्थवार मांडला आहे: आठवड्यातून तीनदा अंडे किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे-हरभरे, दोनदा मोडाची उसळ, एका वेळी भाकरीचा पर्याय, ताटात लिंबाची फोड, आणि चहाची वेळ जेवणापासून तासभर दूर. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे, आणि उत्पादनाच्या वेळापत्रकात बसवायला सर्वांत अवघडही तीच.

कँटीनच्या कायद्याची हद्द जिथे संपते तिथे या पट्ट्याचा मोठा भाग सुरू होतो. भोसरी, तळवडे, कुदळवाडी इथल्या दहा-वीस माणसांच्या गाळ्यांना कँटीन नसते. असतो तो कोपऱ्यावरचा वडापावचा गाडा, दुपारचा डबा आणणारी बाई आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली मेस. यातला प्रत्येक जण ठरलेल्या पैशांत पोट भरवायचे कसब रोज दाखवतो, आणि तेलाचा, गव्हाचा, गॅसचा भाव एक-दोन रुपयांनी हलला की भाजीतले दाणे कमी होतात. पुस्तकाचा दुसरा भाग त्यांच्या हिशेबावर आहे: एका डब्यात मूठभर हरभरे वाढवायचे तर महिन्याचा खर्च किती वाढतो, तो डबेवाल्या बाईने सोसायचा, गाळ्याच्या मालकाने की महापालिकेने, आणि एका तापात बुडालेल्या आठवड्याच्या रोजाशी त्याची तुलना केली तर काय दिसते.